मशीन वाटली, मिस्त्री कुठे?

वाशीम जिल्ह्यात एक फोटो वर्षानुवर्षं छापून येतो. मंडपात ओळीने मांडलेल्या काळ्या शिलाई मशीन, त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, मधोमध पाहुणे आणि वर मथळा : गरजू महिलांना शिलाई मशीनचं वाटप. योजना बदलतात, पाहुणे बदलतात, मशीन तीच राहते. यात वावगं काहीच नाही. ज्या बाईला शेतमजुरीखेरीज दुसरं काम नव्हतं तिला घरबसल्या ब्लाऊज, परकर, फॉल-पिको या मशीनने मिळवून दिलं. अशी घरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

पण बातम्यांच्या निमित्ताने मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा असं फिरताना दुसरंही दृश्य दिसतं. मशीनवर चादर पांघरलेली, चादरीवर टीव्ही किंवा ज्वारीचा डबा. काय झालं म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. "दोरा तुटते ताई." नाहीतर, "टाका सोडते." घरातल्या माणसांनी दोनचार दिवस खटपट केलेली असते, शेजारच्या पोराने पेचकस फिरवून पाहिलेला असतो, मग मशीन कोपऱ्यात सरकते ती कायमची.

हे बिघाड बहुतेक वेळा अगदी किरकोळ असतात. सुई उलटी बसलेली असते. बॉबिनच्या डबीवरची पोलादी पट्टी ढिली झालेली असते. शटल फिरते त्या खोबणीत दोऱ्याचा बारकासा तुकडा अडकलेला असतो. जाणत्या माणसाला चहा येईपर्यंत पुरणारं काम. तो जाणता माणूस मात्र तालुक्याच्या गावी असतो, असला तर. त्याच्याकडे जायचं म्हणजे मशीनचं जड मुंडकं पोत्यात बांधून एसटीत चढवायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि त्या दिवशी त्याचं दुकान उघडं असेल अशी आशा धरायची. मी ज्या मशीनबद्दल लिहिणार आहे ती मात्र कुठल्याही वाटपातली नाही. ती भंगारात निघाली होती. तिला उभं करताना जे पाहिलं, त्यावरून माझं एक मत पक्कं झालं : आपण मशीन वाटतो, मशीन उघडण्याची विद्या वाटत नाही, आणि त्या विद्येवाचून मशीन म्हणजे नुसतं वजन.

या मशीनचा शोध सुरू झाला तो मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या बाईमुळे. हा भाग पोहरादेवीचा. संत सेवालाल महाराजांमुळे देशभरचे बंजारा लोक इथे येतात, आणि 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. बंजारा बायांचं भरतकाम, काचकाम, फेटिया-कांचळी या घागरा-चोळीवरचे टाके यांचं कौतुक सगळे करतात. ते काम हातचं आहे आणि हातचंच राहावं. पण भरलेल्या कापडाला मागून जाड अस्तर जोडणं, पिशवीला पट्टा शिवणं, कडा दुमडून पक्क्या करणं हे हाताने केलं तर बोटं सोलवटतात. ही बाई पोळ्यासाठी बैलांच्या झुली शिवते. शाळा उघडायच्या आधी दप्तरं, पेरणीनंतर मोटारसायकलच्या सीटची कव्हरं, सोयाबीनच्या हंगामात फाटक्या ताडपत्र्यांना ठिगळं. तिच्याकडे वाटपात मिळालेली घरगुती मशीन होती. झुलीच्या तीन-चार थरांवर तिची सुई वाकायची, चाक जागच्या जागी अडायचं. तिला पाहिजे होती "टेलरवाली मोठी मशीन".

घरगुती आणि कारखानी मशीनमधला फरक नुसत्या आकाराचा नाही. कारखानी मशीन दिवसभर चालण्यासाठी घडवलेली असते. तिचा दांडा जाड, बॉबिन मोठी आणि सुई गोल बुंध्याची. घरगुती सुईचा बुंधा एका बाजूने चपटा असतो, म्हणून ती चुकली तर फार तर उलटी बसते. गोल बुंध्याची सुई मात्र कशीही बसते, तेव्हा ती बसवणाऱ्यालाच कळावं लागतं. सुईची लांब खोबण दोरा येतो त्या बाजूला हवी आणि डोळ्यावरची छोटी खाच शटलच्या बाजूला. एवढं चुकलं की टाका पडतच नाही. नवी एकसुई मशीन टेबल-मोटारीसकट 20-25 हजारांच्या आसपास येते. ती शर्ट-पँटसाठी उत्तम आणि वेगाला तुफान. आजच्या मशीन मिनिटाला 5000 टाक्यांपर्यंत जातात, तेलही आपोआप वर चढवतात. पण तांड्यावरच्या बाईला वेग नको होता, जोर हवा होता. शिवाय ज्या दिवशी लाइट नाही त्या दिवशीही काम हवं होतं.

कारंज्याला एका बंद पडलेल्या जेन्ट्स टेलरच्या दुकानात तशी मशीन मिळाली. कारंजा हे कापसाचं जुनं गाव. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे याच गावावरून जायची, ती कापूस वाहून नेण्यासाठीच टाकलेली. जिथे कापसाचा पैसा खेळला तिथे चांगले शिंपी आले आणि चांगल्या मशीन आल्या. या दुकानातला म्हातारा शिंपी गेला, मुलं पुण्याला. दुकान रिकामं करून देताना कपाटं विकली गेली, आरसा विकला गेला, आणि मशीन तेवढी उरली. पायट्याची, ओतीव लोखंडाच्या स्टँडवरची. काळा रंग धुळीखाली होता, सोनेरी नक्षी जागोजागी उडालेली, सुईखालची प्लेट गंजून तपकिरी पडलेली. चाक तसूभरही हलत नव्हतं. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता. आम्ही त्याच्यापेक्षा थोडे जास्त दिले आणि ती टेम्पोत घातली.

मशीन सिंगरची, 31 क्रमांकाच्या वर्गातली. आपल्याकडचे जुने शिंपी ज्या मशीनवर कोट-पँट शिवत आले ती हीच जात. पाटावर ठोकलेल्या नंबराची सुरुवात ई-एफ या दोन अक्षरांनी होते. स्कॉटलंडमधल्या क्लायडबँकच्या कारखान्यात 1935 पासून ई-ए, ई-बी अशा जोडअक्षरांचे नंबर पडू लागले. त्या क्रमाने ई-एफ म्हणजे 1940च्या दशकाची अखेर. आपला देश स्वतंत्र होत होता त्या सुमाराची ही मशीन. 1880च्या दशकात उभा राहिलेला तो कारखाना एके काळी जगातला सर्वांत मोठा शिलाई मशीनचा कारखाना होता. त्याच्या मनोऱ्यावर चार तोंडांचं प्रचंड घड्याळ होतं. मार्च 1941 मध्ये जर्मन विमानांनी त्या गावावर बाँब टाकले तेव्हा कारखान्याचं लाकडाचं कोठार जळालं. 1980 मध्ये कारखाना कायमचा बंद झाला. आता तिथे कारखाना नाही, पण त्याच्या नावाचं रेल्वे स्टेशन अजून आहे. आणि तिथून निघालेलं बिडाचं धूड कारंज्यात उभं होतं.

ते इथवर आलं कसं, याचीही गोष्ट आहे. इलायस हाऊने अमेरिकेत 1846 मध्ये दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं, आयझॅक सिंगरने 1851 मध्ये आपल्या सुधारलेल्या मशीनचं. सिंगरची खरी कमाल विकण्यात होती. मशीन हप्त्यांवर द्यायची, घरी येऊन शिकवायची, सुटे भाग पुरवायचे. हिंदुस्थानात हा पसारा 19व्या शतकाच्या अखेरीला मुंबईच्या एन. एम. पटेल या पारशी गृहस्थांनी उभारला. शहरांतून दुकानं, दुकानांतून फिरते विक्रेते, आणि विक्रेत्यांबरोबर दुरुस्तीची सोय. मला वाटतं, मशीन इथे रुजली ती या शेवटच्या गोष्टीमुळे. यंत्रांविरुद्ध एवढं लिहिणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये रामचंद्रन या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याशी बोलताना सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद ठरवलं. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ती घडवली असं ते म्हणाले. त्यातला प्रेमाचा भाग इतिहासाला फारसा मानवत नाही, पण मुद्दा खरा होता : हे यंत्र माणसाला कामावरून हटवत नाही, त्याच्या हाताखाली चालतं. पुढे 1930च्या दशकात कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा काढली, लुधियानात सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर परदेशी मशीन येणं अवघड झालं तेव्हा होत्या त्या सिंगर या लुधियानाच्या मालावर आणि गावोगावच्या मिस्त्र्यांच्या हातावर जगल्या.

आमचा मिस्त्री वाशीमचा. वडिलांच्या हाताखाली शिकलेला, आता साठीच्या पुढचा, दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक टपरी. त्याने मशीन पाहिली, चाकाला हात लावला आणि काही न बोलता खालून वाकून शटल पाहिलं. मग म्हणाला, "मेली नाय. नुसती जाम आहे."

जाम होण्याचं कारण गंज कमी आणि तेल जास्त होतं. वर्षानुवर्षं कुणीतरी खोबरेल, कुणीतरी मोटारीचं ऑइल, कुणीतरी घरात असेल ते तेल घालत आलं होतं. अशी तेलं सुकून बुशमध्ये डिंकासारखी घट्ट होतात. तिथे जोर लावला तर दांडा वाकतो किंवा स्क्रूचं डोकं उडतं. जोर हा मिस्त्रीचा शत्रू. त्याने प्रत्येक छिद्रात डिझेल सोडलं (रॉकेल मिळेनासं झाल्यापासून डिझेलच), मशीन उलटी करून ठेवली आणि दुसरं काम घेतलं. रोज येता-जाता डिझेल आणि चाकाला एक हलका हिसका, पुढे आणि मागे. या मशीनला आपोआप तेल चढत नाही. पाटावर, मानेवर, तोंडाच्या पत्र्यामागे ठिकठिकाणी बारीक छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्र कुठल्या तरी फिरत्या जागेकडे जातं. त्यातली निम्मी छिद्रं मळाने बुजलेली होती. ती तारेने उघडली तेव्हाच खालच्या दांड्यापर्यंत काही पोहोचायला लागलं. एके दिवशी चाक पाव फेरी फिरलं, मग अर्धी. पूर्ण फेरी झाली त्या दिवशी मी तिथे नव्हते, याची मला अजून चुटपुट आहे.

मग उघडणं सुरू झालं. सिंगरच्या स्क्रूंचे आटे तिचे स्वतःचे. बाजारातला साधा मेट्रिक स्क्रू त्यात बसत नाही, बळेच बसवला तर आटे खातो. म्हणून निघालेला प्रत्येक स्क्रू वर्तमानपत्रावर, ज्या जागेचा त्या जागेच्या क्रमाने मांडायचा. रंगाच्या बाबतीत मिस्त्रीने मला एका गोष्टीपासून लगेच अडवलं. मी स्पिरिटचा बोळा घेऊन सोनेरी नक्षी पुसायला निघाले होते. जुन्या काळ्या रंगावर आणि नक्षीवर लाखेचा पातळ थर असतो. स्पिरिट लाख विरघळवतं, तिच्याबरोबर सोनंही निघून येतं. तिथे फक्त मशीनचं पांढरं तेल आणि मऊ कापड चालतं. गंजलेली प्लेट, फूट, कापड पुढे सरकवणारे दाते हे सुटे पोलादी भाग वेगळे घासले. रंग नव्याने मारायचा नाही, असं आमचं दोघांचंही ठरलं. रंगवलेली मशीन दुकानात शोभते, पण रंगाखाली तेलाची छिद्रं बुजतात.

शटल काढलं तिथे खरा आजार सापडला. खोबणीच्या तळाशी दोऱ्याचा काळा, दगडासारखा झालेला वेढा बसला होता आणि त्याच्याच आसऱ्याने गंज धरला होता. शटलच्या टोकावर बारीक खरचटा होता. कधीतरी वाकलेली सुई त्याच्यावर आपटली असणार. असा खरचटा डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. दोरा त्याच्यावरून जाताना उसवतो, तुटतो, आणि घरची माणसं टेन्शनचा स्क्रू पिळत बसतात. मिस्त्रीने बारीक पॉलिश-कागदाने ते टोक घासलं, फार नाही, कारण टोकच आखूड झालं तर शटल बाद. मग दोरा हातात धरून त्या टोकावरून पुन्हा पुन्हा ओढून पाहिला.

यानंतरचं काम म्हणजे सुई आणि शटलचा मेळ. शिलाई मशीनची सगळी करामत या एका क्षणात आहे. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते, तळ गाठते आणि वर यायला लागते. ती दोन-अडीच मिलिमीटर वर आली, की दोरा सुईच्या मागे फुगतो, त्याचा छोटा फास तयार होतो. नेमक्या त्या वेळी शटलचं टोक सुईच्या खाचेसमोरून, डोळ्याच्या किंचित वरून गेलं पाहिजे आणि त्या फासात शिरलं पाहिजे. शटल लवकर आलं तर फास तयार नसतो, उशिरा आलं तर तो मोडलेला असतो. दोन्हीकडे टाका सुटतो. टोक आणि सुई यांच्यातलं अंतर 0.1 मिलिमीटरच्या आत हवं, म्हणजे साधारण वहीच्या कागदाच्या जाडीइतकं. लागलं तर सुई मोडते, लांब राहिलं तर फास हुकतो. बाजारातल्या नव्या मशीनना नीडल बारवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यावर, खुणांच्या रेघा कोरलेल्या असतात. आमच्या मशीनच्या रेघा झिजून गेल्या होत्या. मिस्त्रीने नीडल बारचा स्क्रू ढिला केला, नवी सुई लावली, हाताने चाक फिरवत सुई तळाला नेली आणि तिथून वर येताना एका डोळ्याने खाली पाहत राहिला. बार केसभर खाली, पुन्हा फेरी. पुन्हा केसभर वर. बोलणं बंद. टपरीवरचा रेडिओही त्याने बंद करायला लावला. ही मोजपट्टी त्याच्या बोटांत आहे आणि ती कुणी लिहून घेतलेली नाही, हे मला तिथे उभं राहून लख्ख दिसलं.

शेवटी बॉबिनची डबी. भरलेली बॉबिन डबीत घालायची, दोऱ्याचं टोक धरून डबी लोंबकळत सोडायची. ती जागच्या जागी थांबली पाहिजे आणि हाताला छोटा झटका दिला की थोडीशी खाली सरकली पाहिजे. सरसर खाली आली तर पट्टी ढिली, हललीच नाही तर घट्ट. खालचं टेन्शन असं आधी लावायचं आणि वरचं नंतर, त्याच्याशी जुळवून. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं.

इथपर्यंत मशीन पूर्वी होती तशी झाली. आता तिला पुढे न्यायचं होतं, म्हणजे मोटार बसवायची होती. यावरून मिस्त्रीचं आणि माझं चांगलंच वाजलं.

जुन्या पद्धतीची क्लच मोटार टेबलाखाली बसते. स्विच दाबला की ती सतत फिरते आणि पायट्याने क्लच लागला की मशीन चालते. ती मजबूत, स्वस्त आणि कुठल्याही मोटार-वाइंडिंगवाल्याकडे दुरुस्त होणारी. पण शिवणारी बाई कापड जुळवते, दोरा तोडते, माप घेते, तेव्हाही मोटार घोंघावत वीज खात असते. सर्व्हो मोटार पायटा दाबला की फिरते, सोडला की थांबते, आणि वेग आधीच बांधून ठेवता येतो. आवाज नाही, बिल कमी. मी सर्व्होच्या बाजूने होते. मिस्त्रीचं म्हणणं होतं, तिच्यातलं कार्ड जळलं की ते उघडून काही करता येत नाही, कार्डच बदलावं लागतं, आणि तांड्यावरचं व्होल्टेज संध्याकाळी पाहा एकदा. "जे आपल्याले खोलता येत नाय ते कायले लावा लागते?" असं त्याने विचारलं. मला त्यावर चटकन उत्तर सुचलं नाही.

हिशेब करून पाहिला. या मशीनमध्ये चाकाची एक फेरी म्हणजे एक टाका. क्लच मोटार मिनिटाला 1440 फेऱ्यांची घेतली, तिची पुली 60 मिलिमीटरची आणि मशीनच्या चाकाची खोबण 90 मिलिमीटरची धरली, तर मिनिटाला 960 टाके पडतात. झुली-दप्तरांना तेवढे भरपूर झाले. पण नवख्या हाताला जाड कापडावर सुरुवातीला टाका-टाका करत जायचं असतं, आणि क्लच मोटार तशी हळू चालवायला पायाची फार सवय लागते. सर्व्होला 45 मिलिमीटरची, मिळेल तेवढी लहान पुली लावली की वेग मोटारीच्या निम्मा होतो आणि जोर दुप्पट. कमी वेगात लहान सर्व्हो मोटारी दम सोडतात, त्यावर हा उपाय. मोटारीचा वेग 1800 वर बांधला की मशीन 900 टाक्यांच्या पुढे जात नाही. जुन्या, हाताने तेल घालायच्या मशीनला तेच सोसवतं. तिला नव्या मशीनच्या वेगाने पळवली तर बुश काही दिवसांत झिजतात.

अखेर मधला मार्ग निघाला तो मिस्त्रीच्याच डोक्यातून. सर्व्हो बसवली, पण ओतीव स्टँड आणि पायटा ठेवला. नवं टेबल टाकलं नाही. चामड्याचा जुना पट्टा खुंटीला टांगलेला असतो. लाइट गेली, कार्ड जळलं, काहीही झालं तरी मोटारीचा पट्टा उतरवायचा आणि पायट्याचा चढवायचा. स्टॅबिलायझर लावला. अर्थिंग नीट करून घेतलं, कारण लोखंडी मशीन, ओली जमीन आणि अनवाणी पाय यांची गाठ जीवघेणी असते. गावोगावी मोटार लावलेल्या मशीन मी पाहते तेव्हा आधी अर्थिंग शोधते, बहुतेक ठिकाणी ते नसतं. पट्ट्यावर पत्र्याचं झाकण आणि सुईजवळ एलईडी दिवा. पदर पट्ट्यात जाण्याची भीती या झाकणामुळे गेली. जुन्या यंत्रात सुधारणा करायची तर अशी, की नवा भाग बिघडला तरी जुनं यंत्र चालत राहावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. जिथे दुरुस्ती 80 किलोमीटरवर अकोल्याला असते, तिथे तर नक्कीच.

एक मर्यादाही सांगून टाकते. ही मशीन दोन-तीन थरांच्या ताडपत्रीला पुरते. चामडं, जाड रेक्झिन, पट्ट्यांचे सहा-सहा थर यांच्यासाठी वेगळी मशीन लागते, जिचा फूटही कापडाबरोबर चालतो. चपला-बूट शिवणाऱ्यांची लांब सोंडेची मशीन आणखी वेगळी. एका मशीनने सगळं होईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

आता मिस्त्रीबद्दल. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यात शिंपी आहे, कुलूपवाला आहे, चांभार, लोहार, न्हावी आहे. प्रशिक्षण आहे, 15 हजार रुपयांपर्यंत अवजारांसाठी मदत आहे, कमी व्याजाचं कर्ज आहे. चांगली योजना आहे. त्या 18 नावांत शिलाई मशीन दुरुस्त करणारा नाही. आयटीआयमध्ये शिवणकामाचा अभ्यासक्रम आहे. तिथून शिवणं शिकून मुली बाहेर पडतात, पण शटल काढून परत बसवण्याचा आत्मविश्वास घेऊन आलेली मुलगी मला अजून भेटायची आहे. वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा, 2018 पासून देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत. इथे दिलेली प्रत्येक मशीन चालती राहणं ही चैन नाही.

2024-25 या शैक्षणिक वर्षात राज्याने एकाच कापडाचे शालेय गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरवलं. गावच्या बायांच्या हाती काम जाईल ही कल्पना मला मनापासून पटली होती. गणवेश उशिरा पोहोचले, मापं चुकली, ओरड झाली आणि डिसेंबर 2024 मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. उशिराची कारणं अनेक होती. कापडच वेळेवर न येणं हे त्यात मोठं. पण अशा मोठ्या कामाची तयारी करताना किती बाया शिवू शकतात हे मोजलं जातं, किती मशीन चालू आहेत आणि बंद पडलेली कोण सुरू करणार, हे कुणी मोजत नाही. पुढच्या वेळी ते मोजावं.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक तालुक्याला दोन-चार बाया निवडा, ज्यांना यंत्रात रस आहे अशा. त्यांना आमच्या मिस्त्रीसारख्या माणसापाशी महिनाभर बसवा आणि त्याला गुरुजींइतकं मानधन द्या. वाटलेल्या प्रत्येक मशीनबरोबर एक डबी द्या : वेगवेगळ्या नंबरच्या सुया, एक जादा बॉबिन डबी, पट्टा, पांढऱ्या तेलाची बाटली, दोन पेचकस. मशीनच्या किमतीपुढे या डबीचा खर्च काहीच नाही. आणि वाटपाच्या मंडपात पाहुण्यांच्या भाषणांआधी कुणीतरी एक मशीन सगळ्यांसमोर उघडून दाखवा.

शिवणं आणि शिंपी यांना कमी लेखण्याची आपली सवय जुनी आहे. हे मला फार लागतं, कारण आमच्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडेच, हिंगोली जिल्ह्यात नर्सी आहे, संत नामदेवांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं. ज्या मुलखाने शिंप्याच्या घरातल्या माणसाला पंढरीपासून पंजाबपर्यंत डोक्यावर घेतलं, त्या मुलखात शिंप्याचं यंत्र दुरुस्त करणाऱ्या हाताला नावही नसावं?

मशीन तांड्यावर गेली ती पोळ्याच्या आधी. तिच्या मालकिणीने मिस्त्रीपाशी बसून डबी लोंबकळत पाहणं, सुई बसवणं, तेलाची छिद्रं आणि पट्टा बदलणं शिकून घेतलं होतं. शटलला हात लावायचा नाही, असं त्याने बजावलं होतं, तिने दुसऱ्याच महिन्यात लावला आणि बरोबर परत बसवलं. झुली झाल्या, सीटची कव्हरं झाली. दसऱ्यानंतर ताडपत्र्या आल्या तेव्हा कापड पुढे सरकेना, जागच्या जागी टाके पडू लागले. तिने फोन करून सांगितलं, दात्यांची टोकं बोथट झाली आहेत, मी पाहिली. नवे दाते अकोल्याहून मागवले होते, ते तिच्याकडे पोहोचले. पण बसवताना किती उंच ठेवायचे हे तिला ठाऊक नव्हतं. मी मिस्त्रीच्या टपरीवर जाऊन फोन त्याच्या कानाला लावला.

तो म्हणाला, "प्लेटीच्या वर मिलिमीटरभर दिसले पाहिजे. ताडपत्री आहे तं थोडे जास्त चालते. स्क्रू कसल्यावर चाक आधी हातानं फिरवजो बाई, दाते प्लेटीले घासत तं नाय ना, ते आईकजो. मंग मोटार."